मिडलचा उंबरठा : हैदराबाद संस्थानातील माध्यम, विद्यार्थी आणि निकाल

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत आणि मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी अजूनही एखाद्या वृद्धाची ओळख करून देताना "हे निजामाच्या वेळचे मिडल पास" असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या आवाजात आदर असतो. आज आठवी पास झालेल्याची अशी ओळख कोणी करून देणार नाही. मग त्या काळी मिडलला एवढे मोल का होते? पहिले कारण उघड आहे. मिडल झालेल्याला कचेरीत नोकरीची आशा होती. दुसरे कारण मात्र आपण फारसे बोलत नाही. मिडलपर्यंत पोहोचणारी मुले फार थोडी होती. प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो या दुसऱ्या कारणाचा : मिडलच्या वर्गात कोण बसत होते, कोण वाटेतच थांबले, आणि त्याचा संबंध मुलांच्या जातीधर्माशी किती व शाळेच्या भाषेशी किती होता.

संस्थानची शाळा तीन पायऱ्यांची होती. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. प्राथमिक वर्गांत मुलांच्या देशी भाषेतून, म्हणजे तेलुगू, मराठी किंवा कानडीतून शिकवण्यास नियमाची मुभा होती. वस्तानियाच्या दारात ही मुभा संपत असे आणि तेथून पुढे सरकारी शाळेचे माध्यम उर्दू होई. १९०१ च्या जनगणनेनुसार संस्थानात तेलुगू बोलणारे सुमारे ४६ टक्के, मराठी २६, कानडी १४ आणि उर्दू १० टक्के होते. म्हणजे शंभर मुलांपैकी नव्वदांना मिडलमध्ये पाऊल टाकताना भाषा बदलावी लागे. शेजारच्या मुंबई इलाख्यात मराठी मुलगा सातवीपर्यंत मराठीत शिकून व्हर्नाक्युलर फायनलला बसू शकत असे, आणि त्या परीक्षेच्या जोरावर शाळामास्तर किंवा तलाठीही होऊ शकत असे. सीमेच्या अलीकडचे सोलापूर आणि पलीकडचे तुळजापूर यांत अंतर एका दिवसाच्या प्रवासाचे. तरी एकाच भाषेच्या दोन मुलांच्या वाट्याला आलेल्या शाळा इतक्या वेगळ्या होत्या.

उर्दूचा हा मान फार जुना नव्हता. १८८० च्या दशकापर्यंत दरबाराची आणि दफ्तराची भाषा फारसी होती. त्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१९ मध्ये तेथील वर्ग सुरू झाले. एका हिंदुस्थानी भाषेतून थेट पदवीपर्यंतचे आधुनिक शिक्षण देणारे विद्यापीठ उभे राहिले, ही घटना खरोखर मोठी होती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे काही कारण नाही. दारुल तर्जुमा या भाषांतर संस्थेने गणित, इतिहास, तत्त्वज्ञान, वैद्यक, स्थापत्य अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले. पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हणून प्रसिद्ध झालेले मौलवी अब्दुल हक तिचे प्रमुख होते. ते त्याआधी औरंगाबादला शाळा तपासनीस होते, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही त्यांनी औरंगाबादेतच आणले होते. मराठी मुलुखाच्या मध्यभागी उर्दूचे एवढे मोठे काम चालले होते.

परंतु विद्यापीठाची भाषा ठरली की हायस्कूलची भाषा आपोआप ठरते आणि हायस्कूलची ठरली की मिडलची. वरच्या मजल्यावर जे थोर काम झाले त्याचा भार खालच्या पायरीवर पडला. इंग्रजीचे ओझे उतरवण्यासाठी देशी भाषा आणली, असे उस्मानियाचे समर्थक म्हणत, आणि ते खरे होते. पण ती देशी भाषा दहांपैकी नऊ मुलांच्या घरची नव्हती.

हा बदल वर्गात कसा घडत असेल ते पाहण्यासाठी गणिताचे पुस्तक पुरेसे आहे. चौथीपर्यंत मुलगा गुणाकार, भागाकार, अपूर्णांक म्हणत आलेला. पाचवीत त्याचे जरब, तकसीम आणि कसर होते. त्रिकोणाचा मुसल्लस, चौरसाचा मुरब्बा, आयताचा मुस्ततील. भूगोलाचा जुगराफिया, आणि त्यात विषुववृत्ताचे खत्ते इस्तिवा. मुलाला अपूर्णांक येत होता तो आता येईनासा झाला असे नाही. त्याला तो अजूनही येतो, पण पाटीवरच्या प्रश्नात तो ओळखू येत नाही. तपासनीसाच्या शेऱ्यात मात्र 'गणित कच्चे' एवढेच उतरणार. येथे एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घ्यावी. तहसील, जमाबंदी, खातेदार, वसूल, हजर, रुजू हे शब्द त्या मुलाच्या घरात रोज बोलले जात होते. मराठीला फारसी-अरबी शब्दांचे वावडे कधीच नव्हते. अडचण शब्दांच्या जातकुळीची नव्हती. चार वर्षांत कमावलेली शाळेची भाषा एका सुट्टीत टाकून द्यावी लागे, ही अडचण होती.

आता दुसरी बाजू. या व्यवस्थेचा फायदा मुसलमान मुलांना झाला, असे सरसकट म्हटले जाते. शहरातल्या, नोकरदार आणि जहागीरदार घरांतल्या मुलांना तो झालाच. त्यांच्या घरात पुस्तकी उर्दू होती. पण बीड, उदगीर, परभणीकडच्या मोमीन, पिंजारी, आतार, तांबोळी घरांत काय होते? तेथे दखनी होती. ती बाजारात मराठी बोलत होती आणि मराठीला तिने स्वतःत मुरवून घेतले होते. दखनीतला नकार 'नक्को', तो आमच्या 'नको'तून आलेला. 'बात'चे अनेकवचन 'बातां'. 'मुझे'च्या जागी 'मेरेकू'. उर्दूच्या तासाला या तिन्ही गोष्टी चुकाच ठरत. विणकराच्या मुलाला मुसल्लस हा शब्द कुणब्याच्या मुलाइतकाच परका होता. फरक एवढाच की कुणब्याच्या मुलाला 'तुझी भाषा वेगळी आहे' असे निदान सांगितले जाई. विणकराच्या मुलाला 'ही तुझीच भाषा आहे आणि तुला ती नीट येत नाही' असे ऐकावे लागे. मला यातला दुसरा अनुभव अधिक खच्ची करणारा वाटतो. तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, कारण जनगणनेच्या आणि शाळेच्या दोन्ही कागदांवर त्याच्या नावापुढे 'उर्दू' लिहिलेले आहे.

तक्त्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या संस्थांच्या अहवालांतही तीच चूक अजून होते. शाळेचा निकाल म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकी उत्तीर्ण झालेल्यांचे शेकडा प्रमाण. समजा, एका गावात चौथीत चाळीस मुले होती. त्यांतली बारा सातवीपर्यंत टिकली आणि नऊ पास झाली. निकाल ७५ टक्के. शेजारच्या गावी चाळीसपैकी तीस टिकली आणि अठरा पास झाली. निकाल ६० टक्के. तपासनीस पहिल्या शाळेची पाठ थोपटील, पण दुसऱ्या गावात दुप्पट मुले मिडल झाली आहेत. गळतीने निकाल सुधारतो, हे शालेय आकडेवारीतले जुने कटू सत्य आहे. जेथे भाषेच्या उंबरठ्यावर कच्ची मुले आधीच गळून पडत, तेथे आत उरलेल्यांचा निकाल बरा लागणे स्वाभाविकच होते. तो बरा निकाल पुढे करून व्यवस्था ठीक चालली आहे असे म्हणता येत होते.

दुसरी फसगत धर्मवार आकड्यांची. हैदराबाद संस्थानात मुसलमानांतील साक्षरतेचे प्रमाण हिंदूंपेक्षा जास्त दिसे. त्यावरून कोणी राज्यकर्त्यांच्या पक्षपाताचा निष्कर्ष काढला, तर कोणी समाजाच्या विद्याप्रेमाचा. पण संस्थानात मुसलमान वस्ती मोठ्या प्रमाणावर शहरांत आणि कसब्यांत होती, आणि शाळाही तेथेच होत्या. खेड्यातला मुसलमान आणि खेड्यातला हिंदू यांची तुलना केली तर चित्र बरेच बदलते. सरासरीत हैदराबाद शहरातल्या मुन्शीचा मुलगा खेड्यातल्या पिंजाऱ्याच्या मुलाची निरक्षरता झाकून टाकतो.

मुंबई इलाख्यातले आकडे याच्या अगदी उलट दिसतात. १८७१-७२ साली तेथे (सिंध धरून) मुसलमानांचे लोकसंख्येतील प्रमाण १५.४ टक्के होते आणि शाळेतील मुलांत ते ८.२ टक्के होते. १८८२ च्या हंटर आयोगापुढे हा प्रश्न आला तेव्हा वरच्या वर्गांकडे जावे तसे मुसलमान विद्यार्थी विरळ होत जातात, हेही स्पष्ट झाले. धर्म एकच, काळही फार दूरचा नाही, मग हैदराबादेत पुढे आणि मुंबईत मागे का? समाजाच्या 'वृत्ती'त उत्तर शोधणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कोणाच्या घराजवळ शाळा आहे आणि ती कोणत्या भाषेत बोलते, हे विचारले की बरेचसे उत्तर मिळते.

उंबरठा ओलांडणारेही होतेच. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हैदराबादच्या मुलकी सेवेत गेले आणि पुढे त्यांनी गालिब व इक्बाल मराठीत आणले. उर्दू, फारसी, मराठी, कानडी, तेलुगू अशा भाषांत सहज वावरणारी ही पिढी त्याच व्यवस्थेत वाढली. तिच्याविषयी आपण अभिमानाने लिहितो. पण आठवणी लिहिल्या त्या पलीकडे पोहोचलेल्यांनी. पाचवीत दोन महिने बसून जो गुरे राखायला परत गेला, त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. बहुभाषिक हैदराबादचे जे गोड चित्र आपण रंगवतो त्यात त्याला जागा नाही.

ज्यांना ही व्यवस्था नको होती त्यांनी आपल्या शाळा काढल्या. हैदराबादेत १९०७ मध्ये केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या प्रयत्नाने विवेकवर्धिनी सुरू झाली. औरंगाबादला १९१५ मध्ये सरस्वती भुवन आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षकच होते. हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मा यांनी १९१० पासून दलित मुलांसाठी तेलुगू शाळा चालवल्या. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तोवर भाषेचा प्रश्न राजकारणाचा झाला होता. १९३८ च्या वंदे मातरम् प्रकरणानंतर तो धर्माचाही झाला. त्यानंतर मिडलच्या वर्गातल्या अपूर्णांकाविषयी शांतपणे बोलणे कोणालाच शक्य राहिले नाही.

येथे एक प्रसंग नोंदवतो. तो मराठी वाचकाला फारसा सुखाचा नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या आवारात संस्थानी सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी कर्वे होते. मराठी, उर्दू, इंग्रजी भाषणे सभेने नीट ऐकली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागले तेव्हा सभेत हुर्यो झाली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मला. ज्या आवारात उर्दूच्या सक्तीविरुद्ध मराठी टिकवली जात होती, त्याच आवारात संस्थानातील सर्वांत मोठ्या भाषेला बोलू दिले गेले नाही. उंबरठ्यावर बसलेला माणूस नेहमी सरकारीच असतो असे नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले. संस्थानच्या पंचांगात फसली १३५७ संपायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, नाही तर या संक्रमणाच्या वर्षातल्या नोंदी एक वर्षाने पुढेमागे लागतात आणि निष्कर्ष उलटे निघतात. (जन्मतारखांवर तर मुळीच विसंबू नये. मास्तरांनी अंदाजाने घातलेला १ जून आमच्या किती पिढ्यांचा वाढदिवस आहे!)

त्यानंतर उंबरठा तोच राहिला, बाजू बदलली. मराठवाड्यातल्या मिडलचे माध्यम मराठी होऊ लागले. नव्वद टक्क्यांवरचा अन्याय दूर झाला, ही गोष्ट निर्विवाद आहे आणि ती उशिराच झाली. पण आता 'कसर' शिकलेल्या मुलाला 'अपूर्णांक' अनोळखी झाला. शहरांत उर्दू वर्ग टिकले. खेड्यांत मात्र उर्दू शाळा पुष्कळ ठिकाणी चौथीपर्यंतच राहिली, आणि पाचवीला मुलाने मराठी शाळेत जावे नाही तर बापाच्या दुकानात, असा पर्याय उरला. त्यातच १९४८ च्या हिंसाचारात कित्येक घरांतले कर्ते पुरुष गेले होते आणि पुष्कळांच्या नोकऱ्या सुटल्या होत्या. दुकानाचा पर्याय पुष्कळदा पर्याय नव्हताच. मुलींच्या बाबतीत तर चौथीनंतर दूरची शाळा, दुसरी भाषा आणि पुरुष शिक्षक ही तिन्ही कारणे एकत्र येत. १९५६ मध्ये संस्थानचे तीन तुकडे झाले तेव्हा बिदर-गुलबर्ग्याच्या मराठी मुलापुढे कानडीचा आणि हैदराबादच्या मराठी मुलापुढे तेलुगूचा उंबरठा आला. बेळगावचे मुंबई इलाख्यात शिकलेले मराठी मूल त्याच वर्षी म्हैसूर राज्यात गेले.

त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. कोणत्या टप्प्यावर? प्राथमिक. म्हणजे स्वतंत्र भारताच्या घटनेने जेथे रेघ ओढली ती रेघ आणि निजामाच्या तहतानियाची रेघ एकच आहे. हे कलम अनेकदा वाचूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात ही रेघ आकड्यांत सापडते. सहा ते चौदा वयोगटातली मुसलमान मुले चारांत एक कधी शाळेत गेली नव्हती किंवा सोडून आली होती. मिडल पूर्ण केलेल्या मुसलमान मुलांपैकी निम्मीच माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता होती. सर्व देशासाठी ते प्रमाण ६२ टक्के होते. मुले मदरशात जातात म्हणून शाळेत दिसत नाहीत, हा समजही त्याच अहवालाने खोडला, कारण मदरशात जाणारी मुले तीन-चार टक्केच होती. उर्दू माध्यमाची सोय महाराष्ट्र व कर्नाटकात इतर अनेक राज्यांपेक्षा बरी असल्याचेही समितीने नोंदवले आहे. बरी असूनही मराठवाड्यातला पालक पाचवीला मुलाचे नाव कोठे घालावे या विचारात पडतो, याचे कारण वर आले आहे. त्याला तीन पिढ्यांचा अनुभव आहे. आजोबाने उर्दूत मिडल केले आणि ती उर्दू १९४८ नंतर कचेरीत चालेना. बाप मराठी शाळेत गेला आणि मागे राहिला. आता नातवासाठी तो इंग्रजी शोधतो आहे.

तेलंगणात २०१५ मध्ये अल्पसंख्याक निवासी शाळांसाठी शासनाची संस्था स्थापन झाली. २०१६-१७ मध्ये ७१ शाळा उघडल्या आणि पुढच्याच वर्षी ही संख्या २०४ झाली. तेथील माध्यम इंग्रजी आहे आणि प्रवेश पाचवीत. मुलींसाठी जवळजवळ निम्म्या शाळा ठेवल्या गेल्या. मुलींच्या वसतिगृहाची अडचण यातून काही अंशी सुटली, हे मोठेच काम झाले. या शाळांच्या दहावीच्या निकालाचे शेकडा प्रमाण दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. पाचवीत नाव दाखल झालेल्यांपैकी किती मुले त्या परीक्षेला बसली, हा आकडा मात्र त्या बातमीत नसतो. आपल्या संस्थेच्या शाळांच्या वार्षिक अहवालातही तो नसतो. तो काढायला नवे सर्वेक्षण नको. दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाचवीचे एक वर्ष घ्यावे आणि प्रत्येक नावापुढे बोट ठेवून पाच वर्षे खाली यावे. 'मातृभाषा' या रकान्यात तेथेही बहुतेक मुलांपुढे 'उर्दू' लिहिलेले असेल आणि त्यांतली पुष्कळ मुले मधल्या सुट्टीत 'नक्को' म्हणत असतील.